बिनधुराचं हॉटेल

मोतीराम बोलायला लागला की चहा उतू जातो, असं देऊळखेड फाट्यावर सगळे म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. मेहकरहून जानेफळकडे जाताना मध्ये हा फाटा लागायचा. फाट्यावर एक मोठा लिंब आणि लिंबाखाली मोतीरामचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पुढं तट्ट्याची पडवी, तीन बाकं, शेव-चिवड्याचं एक काचेचं कपाट आणि डाव्या अंगाला मातीची दोन तोंडांची भट्टी. एका तोंडावर चहाचं भगोनं, दुसऱ्यावर तेलाची कढई. एसटी थांबली की मोतीराम उतारूंना नावानिशी हाका मारायचा, ज्याचं नाव ठाऊक नसेल त्याला एखादं नाव द्यायचा, आणि दोन मिनिटांसाठी उतरलेला माणूस आलूबोंडा खाऊनच परत गाडीत चढायचा.

भट्टीपाशी त्याची बायको रुखमाबाई बसायची. लग्न होऊन आली तेव्हापासून चौदा वर्षं तिची जागा तीच. बोलायचं काम नवऱ्याचं आणि फुंकायचं काम बायकोचं, अशी त्या हॉटेलातली वाटणी होती. हिवाळा संपता संपता कपाशीच्या पऱ्हाट्या जळायच्या, मग तुराट्या, आणि पावसाळ्यात जे मिळेल ते, म्हणजे बहुतेक ओली बाभूळ. ओल्या बाभळीपुढं बसून ज्यानं शंभर आलूबोंडे तळले नाहीत त्याला धूर म्हणजे काय हे सांगून कळायचं नाही. रुखमाबाईच्या पदराचं एक टोक डोळे पुसून पुसून कायमचं काळं झालं होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. जानेफळच्या दवाखान्यात सिंधूताई नावाची नर्स होती. दर मंगळवारी ती गावोगाव जायची आणि परतीच्या गाडीची वाट बघत मोतीरामकडे चहा घ्यायची. बाई तोंडाची फटकळ, पण हाताची हलकी. एका मंगळवारी तिनं चहा बाजूला ठेवला, रुखमाबाईला उजेडात आणून बसवलं आणि डोळ्याची पापणी वर करून पाहिली.

"डावा डोळा झाका. आता मी किती बोटं दाखवून राह्यली?"

"दोन," रुखमाबाई म्हणाली. मग जरा थांबून, "नाही, तीन असतीन."

सिंधूताईनं चार बोटं धरली होती. ती मोतीरामकडे वळली. "मोतीरामभाऊ, तुम्ही लय बोलता. आज जरा ऐका. ह्यायचा उजवा डोळा धुरानं अर्धा गेला. गेलेला मी आनून देऊ शकत नाही. धूर बंद झाला तं हाये तेवढी नजर टिकन. नाही झाला तं दोन-तीन वर्षांत दोन्ही डोळे जातीन."

त्या दिवशी दुपारच्या गाडीला मोतीरामनं कोणालाच हाक मारली नाही. बायकोवर त्याचा जीव होता. तो जीव त्याला बोलून दाखवता यायचा नाही, एवढंच. बाकी जगातलं सगळं बोलता यायचं. त्यानं मेहकरहून पत्र्याचं धुराडं आणून भट्टीवर बसवलं. वारा उलटा आला की सगळा धूर त्या धुराड्यातून खाली उतरून रुखमाबाईच्याच तोंडावर यायचा. कोळसा आणून पाहिला, पण एवढ्या मोठ्या कढईला कोळशाची आच पुरेना.

अशा वेळी अर्जुनराव आले. ते तालुक्याच्या ग्रामसुधार मंडळाचे प्रचारक. अंगात खादी, खाली सायकल, कॅरिअरला गुंडाळलेले नकाशे. माणूस लबाड नव्हता, हे आताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढची हकीकत ऐकताना कोणालाही त्यांनाच शिव्या द्याव्याशा वाटतील. मंडळाला कुठंतरी रस्त्यावर, लोकांच्या डोळ्यांसमोर, गोबरगॅसची टाकी उभी करायची होती. शेण-पाणी कालवून विहिरीसारख्या खड्ड्यात सोडायचं, वर लोखंडी टोपण, आत गॅस साठला की टोपण वर उचललं जातं, आणि नळीनं गॅस शेगडीला. जंगल वाचतं, धूर होत नाही आणि उरलेल्या पातळ शेणाचं, म्हणजे रबडीचं, खत होतं. टाकी मंडळाची, फक्त जागा मोतीरामची आणि जबान मोतीरामची.

"अन् शेन?" मोतीरामनं विचारलं. त्याच्याकडे दोनच म्हशी होत्या.

अर्जुनराव हसले आणि त्यांनी रस्त्यापलीकडे बोट केलं. हॉटेलच्या समोरच गावचं आखर होतं. गावभरची ढोरं रोज सकाळी आधी तिथं जमत आणि मग ढोरकी त्यांना चारायला नेई. तास दीड तास ढोरं तिथं उभी राहत आणि शेण टाकत. अर्जुनरावांनी बाकावर बसून एकेक जनावर मोजलं. एकशे बहात्तर. वर्तमानपत्राच्या कोऱ्या काठावर पेन्सिलीनं गुणाकार केला, निम्मा सोडून दिला, तरी दिवसभर शेगडी जळून गॅस उरत होता. हिशेब चोख होता. त्याच ढोरांमधून कमरेवर टोपलं घेऊन शेण उचलत फिरणारी जनकाबाई त्यांच्या नजरेसमोर होती. तिला मात्र कोणी मोजलं नाही.

जनकाबाई म्हणजे ढोरकी कचरूची बायको. आखरावर पडलेलं शेण ढोरक्याच्या बाईचं, हा गावचा रिवाज. कचरूला वर्षाकाठी घरागणिक जी ज्वारी मिळायची ती कमीच असायची, कारण शेण त्याच्या मजुरीतच धरलेलं होतं. त्या शेणाच्या गोवऱ्यांवर जनकाबाईची चूल बारा महिने पेटायची. हे मोतीरामला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? तो त्याच आखरावर खेळून मोठा झाला होता. पण शेण कोणाचं, हा प्रश्न त्या गावात कधी कोणी कोणाला विचारलाच नव्हता, आणि जे कधी विचारलं नाही ते विचारायचं असतं हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या डोक्यात रुखमाबाईचे डोळे होते.

दिवाळी झाल्यावर टाकी पुरी झाली. उद्घाटनाला मेहकरहून मोठी माणसं आली, कागदी पताका लागल्या, आणि कोणीतरी घोड्याला चाबूक दाखवावा तसा मोतीरामपुढे भोंग्याचा माईक धरला. मग काय विचारता! अर्धा तास तो बोलला. शेवटी हात वर करून म्हणाला, "आजपासून माह्या हाटेलात लाकडाची काडी जळनार नाही! जळली तं माह्यं नाव मोतीराम नाही!" टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून त्याला आणखी जोर चढला. त्यानं टिकाव मागवला आणि सगळ्यांसमोर भट्टीवर घाव घातला.

रुखमाबाई मागून त्याचा सदरा ओढत होती. "अवो, एक तोंड तं राहू द्या. पान्यापावसात लागन."

भोंग्यापुढे तिचं कोण ऐकतो! दोन्ही तोंडं फुटली. दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी रंगवलेली पाटी आणून पडवीवर लावली: 'या हॉटेलात धूर नाही.' मोतीरामचा टिकाव हातात घेतलेला फोटो पेपरात आला. मोतीरामच्या सांगण्यावरून जनकाबाई रोज दोन टोपली शेण द्यायची आणि त्या बदल्यात चहा-आलूबोंडा घरी न्यायची. टोपण रोज दंडाएवढं वर यायचं.

त्यानंतरचे चाळीस दिवस रुखमाबाईच्या जन्मातले सगळ्यांत चांगले दिवस होते. पहिल्या दिवशी तिनं कढई चढवली, शेगडीचा निळा जाळ खालून कढईला भिडला, आणि ती सवयीनं डोळे बारीक करून बसली. धूर आला नाही. तिनं डोळे हळूहळू उघडले. मग नवऱ्याला हाक मारली. "अवो, इकडं या. तेल पाहा कसं दिसते! तळ दिसून राह्यला." चौदा वर्षं त्या तेलात आलूबोंडे तळून तिनं ते तापलेलं तेल कधी नीट पाहिलं नव्हतं. मोतीराम आला, कढईत डोकावला, आणि त्याला एकदम भरून आलं. तो म्हणाला, "तेल महाग हाये, लय पाहू नको," आणि गिऱ्हाइकांकडे निघून गेला. पुढं सिंधूताईची बदली झाली. जाताना तिनं रुखमाबाईचे डोळे तपासले, पाणी थांबलेलं पाहून खूश झाली आणि मोतीरामच्या पाठीवर चक्क थाप मारून गेली.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथं चाळीस होते. एका सकाळी जनकाबाई रिकामं टोपलं घेऊन आली आणि उभीच राहिली.

"भाऊ, उद्यापासून मी शेन नाही देत."

"काऊन?"

"माही चूल कायनं पेटवू? तुमच्या चहानं? महिना झाला, नाल्यातली बाभूळ तोडून आनून राह्यली. जवळच्या सरल्या, आता पार टेकडीपर्यंत जा लागते. हे पाह्य, हात."

तिच्या तळव्यांत काटे मोडलेले होते. अन् नाल्याकडे मोतीरामनं आजवर पाहिलंच नव्हतं. लाकूड वाचावं म्हणून त्याची टाकी उभी राहिली, आणि त्याच टाकीपायी नाल्यातल्या बाभळी बुडातून गेल्या होत्या. त्यानं तिला दोन आलूबोंडे जास्तीचे दिले. तिनं ते घेतले आणि दुसऱ्या दिवशी आली नाही.

मग तो स्वतः टोपलं घेऊन आखरावर जायला लागला. पण जनकाबाई तिथं होतीच, आणि हक्क तिचा होता. शिवाय शेणच कमी पडायला लागलं होतं. त्याचं कारण कडूबा. गावात सगळ्यांत जास्त ढोरं त्याची, लहान-मोठी मिळून चाळीस. तो एक दिवस हॉटेलात येऊन बसला, पाटी वाचली, पेपरातला चिकटवलेला फोटो पाहिला आणि म्हणाला, "काबे मोतीराम, पेपरात फोटो तुया, अन् शेन माह्या म्हशीचं?"

"कडूबादादा, रबडीचं खत होते. थे तुम्हाले वापस देतो ना."

"वापस म्हंजे कसं? दोन मैलांवर वावर हाये माह्यं. थो पातळ गारा डोक्शावर घेऊन कोन जाईन? तू?"

बाकावरचे सगळे हसले. त्या दिवसापासून कडूबानं ढोरं सकाळी गोठ्यातच थोपवून धरायला सुरुवात केली. त्यांनी तिथं शेण टाकलं की मगच सोडायची. कडूबानं केलं म्हणून इंद्रभाननं केलं, इंद्रभाननं केलं म्हणून आळीनं केलं. जोवर शेणाला किंमत नव्हती तोवर ते आखरावर पडत होतं. मोतीरामच्या शेगडीनं त्याला किंमत आणली आणि ते घराघरात गेलं. अर्जुनरावांचा सगळा हिशेब शेण फुकट पडलेलं आहे यावर उभा होता, आणि ते फुकट राहिलं नाही ते त्याच शेगडीमुळं. पुढं माघ लागला. पाऊस नसलेल्या या दिवसांतच बायका वर्षाच्या गोवऱ्या थापून घेतात. पोरंही होळीसाठी शेणाच्या भोकाच्या चाकोल्या करून माळा ओवायला लागली. आखर अंगणासारखं स्वच्छ दिसायला लागलं. टाकीचं टोपण बसलं ते बसलंच. दोन म्हशींच्या शेणावर सकाळचा एक चहा व्हायचा, थंडी असली तर तोही उकळता उकळता राहायचा.

आता शहाणा माणूस काय करेल? भट्टी पुन्हा बांधेल. मोतीरामही माती कालवायला निघाला होता. पण त्याच आठवड्यात एक जीप येऊन थांबली. अर्जुनराव उतरले, मागून चार पाहुणे. "हेच ते मोतीरामजी." पाहुण्यांनी हात जोडले, एकानं फुलांचा हार घातला. आदल्या दिवसाचा गॅस नशिबानं शिल्लक होता. निळा जाळ फुलला, पाहुण्यांनी माना डोलावल्या, आणि मोतीराम गळ्यात हार घेऊन जे ठरलेलं होतं तेच बोलून गेला. जीप गेल्यावर त्यानं कालवलेली माती पाहिली आणि लाथेनं पसरवून टाकली.

पुढं जीप कधीही यायची. महिन्यातून दोनदा, कधी आठवड्यातून. आधी सांगून येण्याची रीत नव्हती. म्हणून टाकीतला गॅस पाहुण्यांसाठी राखून ठेवावा लागला. घरची शेगडी घरच्यांनीच पेटवायची नाही, असा कायदा झाला. मग चहा कशावर? आलूबोंडे कशावर? हॉटेलच्या मागं सामानाची एक खोली होती. उंदीर-चोरांच्या भीतीनं तिला खिडकी ठेवलेली नव्हती. तिथं मोतीरामनं गुपचूप तीन दगड मांडले.

झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती मूठ रुखमाबाईच्या डोळ्यांवर झाकलेली होती. पूर्वी निदान उघड्यावर भट्टी होती, वारा यायचा, धूर निम्मा तरी बाहेर जायचा. आता दार लावून बसायचं. धूर रस्त्यावर दिसला की पाटी खोटी. गावाला सगळं माहीत होतं, ते हसून मोकळं झालं होतं. दार लावायचं ते रस्त्यावरून जाणाऱ्या जीपसाठी. मोतीराम पुढं स्वच्छ हवेत उभा राहून बोलायचा. मागं रुखमाबाई अंधारात ओली बाभूळ फुंकायची आणि तळलेल्या आलूबोंड्यांची परात दाराच्या फटीतून पुढं सरकवायची.

ती कधी कुरकुरली नाही, हेच मोतीरामला जास्त लागायचं. एकदा तो म्हणाला, "रुखमे, बास. मी जाऊन सांगतो त्याह्यले. काढा म्हनतो तुमची पाटी."

ती डोळे पुसत म्हणाली, "अन् मंग? एवढ्या लोकात हात वर करून बोलले तुम्ही. तुमचा शबुद गेला तं फाट्यावर राह्यते काय आपलं?"

"तुये डोळे?"

"बरे हायेत. पानी येते, एवढंच."

तरी तो गेला. एसटीनं मेहकरला, मंडळाच्या कचेरीत. अर्जुनरावांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मोतीरामजी, तुमचं भाषण ऐकून अकरा गावांचे अर्ज आलेत," ते म्हणाले. "आता तुम्हीच नाही म्हणालात तर लोक म्हणतील, गोबरगॅसच खोटा. आणि तो खोटा नाही हो. दहा-बारा म्हशी ज्याच्या स्वतःच्या गोठ्यात आहेत त्याच्याकडे तो उत्तम चालतो. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"माह्याकडं दोनच हायेत, साहेब."

अर्जुनरावांचा आवाज उतरला. "मला वरून विचारतात, तुमचं देऊळखेड कसं चाललंय. मी चांगलं चाललंय म्हणून कळवलंय. तीनदा कळवलंय. आता मी तरी काय करू?" आणि लगेच सावरून म्हणाले, "गावाला समजावून सांगा. तुमच्या जिभेवर सरस्वती आहे."

मोतीराम समजला. हा माणूसही आपल्यासारखाच दार लावून बसला आहे. पण ते समजून काय उपयोग? बंद खोलीचं आणि रुखमाबाईच्या डोळ्यांचं त्यानं तिथं काढलंच नाही. ते सांगायचं तर चुलीचं सांगावं लागलं असतं, चुलीचं सांगायचं तर आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे आपण खोटं बोललो हे सांगावं लागलं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कचेरीचा चहा पिऊन तो परत आला.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. त्या पावसाळ्यात रुखमाबाई खोलीतून फारशी बाहेर येईनाशी झाली. बाहेर उजेड डोळ्यांत घुसतो म्हणायची. आलूबोंड्यात एकदा मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही. तळहातावर फोड दिसला तेव्हा म्हणाली, तेल उडालं. मोतीराम ऐकून घ्यायचा. खरं तर त्याला विचारायचं होतं, सिंधूताईसारखी बोटं धरून विचारायचं होतं. पण उत्तर काय येईल याची त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटते म्हणून तो विचारत नव्हता.

मार्गशीर्षात मोठी भेट ठरली. या वेळी आधी निरोप आला, कारण मुंबईचे पाहुणे होते आणि टाकी घेऊ इच्छिणारे वीस-पंचवीस जण वेगवेगळ्या गावांहून येणार होते. आठ दिवस मोतीरामनं शेगडीला काडी लावली नाही. कडूबाच्या हातापाया पडून चार टोपली शेण आणलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं कडूबाच त्याला तोंडावर म्हणाला, आणि आपण गाढव झालो हे त्याच्या ध्यानात आलं नाही. चाळीस माणसांचे आलूबोंडे मागच्या खोलीत पहाटेपासून तळायला लागले.

दहाच्या सुमारास गाड्या आल्या. जाळ फुलला. पाहुण्यांनी टोपणावर हात ठेवून पाहिला, प्रश्न विचारले, अर्जुनरावांनी उत्तरं दिली. मोतीरामचं भाषणही झालं. आता ते त्याच्या तोंडात आपोआप यायचं. गर्दीत हिरव्या लुगड्यातली एक पोक्त बाई सगळ्यांत मागं उभी होती. लोक चहाला बसले तशी ती त्याच्याजवळ आली.

"भाऊ, मी गीताबाई. मलकापूरले टेशनाजवळ खानावळ हाये माही. आमच्या दवाखान्यात सिंधूताई हायेत. त्यायनंच सांगतलं तुमच्याबद्दल." तिचे डोळे लाल होते, कडांना चिकट पाणी होतं. मोतीरामनं ते बघताक्षणी ओळखले. "साहेबाचं मी ऐकलं. साहेब लोकायचं काय, थे बोलतेच. मले तुमच्या तोंडून आयकाचं हाये. रोज साठ ताटं वाढतो आमी. म्हैस एकच हाये, पन टेशनामागं ढोरायचा बजार भरते, तिथलं शेन उचलता येते. मी घरी गेली की भट्टी मोडीन. मोडू ना?"

समोर अर्जुनराव पाहुण्यांना खताचा खड्डा दाखवत होते, पण त्यांचे कान इकडेच होते. बाजारातलं शेण कोण उचलतं ते पाह्यलं काय, बाई, एवढंच विचारायचं होतं. एका श्वासाचं काम. मोतीरामच्या तोंडून निघालं ते असं: "मोडा ताई. बिनघोर मोडा."

गीताबाईचा चेहरा फुलला. "तुमच्या मालकिनीले भेटतो अन् जातो. सिंधूताईनं बजावलं हाये, रुखमाबाईचे डोळे पाहून ये म्हने. मागंच असतीन ना?" आणि तो हात आडवा घालेपर्यंत ती वळून खोलीपाशी पोचली आणि तिनं दार ढकललं.

धुराचा लोट बाहेर आला. आत चुलीपुढं रुखमाबाई बसली होती, हातात झारा. दार उघडल्याचं तिला कळलं. तिनं तोंड वर केलं, तीन हातांवर उभ्या असलेल्या गीताबाईकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "गेले काय पाव्हणे? दार लावा ना लवकर. धूर दिसन."

गीताबाई जागची हलली नाही. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बाहेरचा लख्ख उजेड पाठीशी. आणि रुखमाबाई तिला आपला नवरा समजून उत्तराची वाट बघत होती. मोतीराम गीताबाईच्या मागं येऊन उभा राहिला. जे विचारायची त्याला पावसाळ्यापासून भीती वाटत होती त्याचं उत्तर हे होतं.

पडवीतून कोणीतरी विचारलं, "आग लागली की काय?" लगेच अर्जुनरावांचा आवाज आला, "नाही, नाही. शेजारी कोणी पालापाचोळा जाळतंय. चला, आपण टाकीकडे जाऊ." माणसं टाकीकडे गेली.

"ताई," मोतीराम गीताबाईला म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "मोडू नका भट्टी. मी खोटं बोललो. शेन पुरत नाही. हिचे डोळे मीच घालवले."

आत रुखमाबाईचा हात थांबला. "कोनासंगं बोलता? कोन हाये तिथं?"

"मी हाव, माय. मलकापूरची," गीताबाई म्हणाली.

"बाई हाये? म्हंजे पाव्हणे गेले नाहीत?" रुखमाबाई घाबरून उठली. झारा खाली पडला. ती भिंत चाचपत दारापाशी आली, तिच्या बोटांना दाराची फळी लागली, आणि कोणी काही करायच्या आत तिनं ती लोटून आतून कडी घातली.

"रुखमे, उघड." मोतीराम दोन्ही हातांनी दार वाजवायला लागला. "मी सांगून टाकलं. आता काही लपवाचं नाही. उघड, धूर हाये आत."

आतून खोकला आला. तो थांबल्यावर ती म्हणाली, "बोलू नका इतकं मोठ्यानं, आयकतीन ना थे. पयले पाव्हण्यायले जाऊ द्या. मंग उघडीन."